वालचंदशेठ आणि आगबोटीच्या भाड्याची लढाई

दरवर्षी ५ एप्रिलला देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९६४ पासून ही प्रथा सुरू आहे. बंदरांत कार्यक्रम होतात, खलाशांचे सत्कार होतात, वृत्तपत्रांतून चार ओळी छापून येतात आणि दिवस मावळतो. परंतु ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईच्या बंदरातून जी आगबोट लंडनच्या दिशेने निघाली, तिच्यामागे समुद्रावर कोणाचे काहीही चालत नसलेल्या एका परतंत्र देशाची जिद्द उभी होती, याची आठवण फार थोड्यांना असते. त्या आगबोटीचे नाव होते ‘लॉयल्टी’. तिच्यावर असलेल्या मंडळींत सोलापूरचा एक छत्तीस वर्षांचा ठेकेदार होता. त्याचे नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदशेठ म्हटले की वालचंदनगरची साखर, रावळगावच्या गोळ्या, कुर्ल्याच्या मोटारी आणि बंगळूरचा विमान कारखाना आठवतो. मात्र त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची तीस वर्षे ज्या लढाईत गेली, ती होती आगबोटीच्या भाड्याची. प्रवाशाने आणि व्यापाऱ्याने आगाऊ भरलेला पैसा कोणाच्या तिजोरीत राहतो, तो परत मिळण्याच्या अटी कोण ठरवतो आणि त्या अटींच्या जोरावर एखाद्या देशाचा सारा व्यापार कसा बांधून ठेवता येतो, हा या लढाईचा गाभा होता.

सोलापूरचे दिवस

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. वडील हिराचंद नेमचंद हे गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेल्या दिगंबर जैन घराण्यातले. घरची पेढी सावकारीची आणि कापसाच्या व्यापाराची. वालचंद तान्हे असतानाच आईचे छत्र हरपले. शालेय शिक्षण सोलापुरात झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशी दोन नामांकित विद्यालये त्यांनी पाहिली, पण पदवी घेण्याआधीच ते घरच्या धंद्यात परतले. पेढीवर बसून व्याजाचा हिशोब करण्यात त्यांचे मन रमले नाही.

याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी त्यांची गाठ पडली. फाटकांजवळ कामाची माहिती होती आणि वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची हिंमत. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांचे काम घेतले आणि ‘फाटक-वालचंद’ ही ठेकेदारीची जोडी नावारूपाला आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामांनी या धंद्याला बरकत आली. पुढे बोरघाटातील बोगदे, मुंबईला पाणी पुरवणारी तानसाची जलवाहिनी, १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हा सारा विस्तार याच मुळातून झाला. या ठेकेदारीने वालचंदांना एक धडा दिला. मोठे काम हाती घेताना गाठीला किती पैसा आहे यापेक्षा समोरचा आपला पैसा किती काळ अडकवून ठेवू शकतो, हे आधी पाहावे लागते. पुढे समुद्रावर हाच धडा त्यांच्या कामी आला.

महाराजांची बोट

१९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत वालचंदांना एक बातमी कळली. ग्वाल्हेरचे महाराज शिंदे यांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकावयाची आहे. ही बोट १८९१ मध्ये इंग्लंडात बांधलेली. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर, योकोहामा आणि हाँगकाँग यांच्या दरम्यान प्रवाशांची ने-आण करीत असे. १९१४ मध्ये महाराजांनी ती घेतली आणि युद्धातील जखमी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले. युद्ध संपले आणि तिचे काम सरले.

वालचंदांनी वेळ दवडला नाही. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांना त्यांनी सोबत घेतले. बोट खरेदी झाली आणि साडेचार कोटी रुपयांच्या भांडवलाची ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ ही कंपनी मार्च १९१९ मध्ये उभी राहिली. बोटीच्या मूळ धन्याचेच नाव कंपनीला देण्यात आले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत ‘लॉयल्टी’ने मुंबई सोडली.

त्या काळी हा निर्णय अविचाराचा वाटावा असाच होता. बोट अठ्ठावीस वर्षांची, मालक समुद्राच्या व्यवहारात नवखे आणि समोर प्रतिस्पर्धी ब्रिटिश इंडिया व पी अँड ओ या कंपन्यांचा. १९१४ मध्ये या दोन बलाढ्य कंपन्या एकत्र आल्या होत्या आणि त्यांची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्या हाती होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणि त्यापलीकडे कोणत्या बंदरातून कोणत्या दराने माल वा माणूस जाईल, हे बव्हंशी त्यांच्या कचेरीत ठरत असे. ‘लॉयल्टी’ प्रवासी वाहतुकीत फार काळ टिकली नाही आणि १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. पण तिने वाट दाखवली होती. दरम्यान कंपनीने मालवाहू जहाजे मिळवून किनारी व्यापारात पाय रोवला होता.

सूट नव्हे, वेसण

वालचंदांच्या आधीही असे प्रयत्न झाले होते. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात चीन-जपानच्या मार्गावर स्वतःची बोटसेवा सुरू केली, तेव्हा पी अँड ओने भाडे इतके पाडले की टाटांना माघार घ्यावी लागली. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर स्वदेशी बोटी आणल्या. तेव्हा ब्रिटिश कंपनीने प्रवाशांना फुकट नेले आणि वर छत्री भेट दिली, असे सांगतात. १९०८ मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले आणि त्यांची कंपनी पुढे बुडाली.

भाडे पाडणे हे उघड हत्यार होते. त्याहून घातक हत्यार कागदावर होते. त्याचे नाव ‘डिफर्ड रिबेट’, म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट. १८७७ मध्ये कलकत्त्याच्या व्यापारात ते प्रथम वापरले गेले आणि मग जगभर पसरले. त्याची रीत अशी. एखाद्या व्यापाऱ्याने जानेवारी ते जून या सहा महिन्यांत समजा हजार रुपये भाडे भरले. त्यातले शंभर रुपये त्याला सूट म्हणून परत मिळणार, असे कंपनी नोंदवून ठेवी. पण ते लगेच मिळत नसत. जुलै ते डिसेंबर या पुढच्या सहा महिन्यांतही त्याने आपला सगळा माल याच कंपन्यांच्या जहाजांतून पाठवला, तरच वर्षअखेर ती रक्कम हाती पडे. तोवर दुसऱ्या सहामाहीचे शंभर रुपये कंपनीकडे अडकलेले असत. मध्येच एक गासडी जरी दुसऱ्याच्या जहाजात चढवली, तरी साठलेली सारी सूट बुडाली. व्यापाऱ्याचाच पैसा व्यापाऱ्याला बांधून ठेवणारी ही दोरी होती. नव्या कंपनीने कितीही स्वस्त दर दिला तरी जुनी सूट गमावण्याच्या भीतीने गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकत नसे.

हा प्रश्न केवळ मुंबईच्या गोदीतल्या व्यापाऱ्यांचा होता, असे समजणे चूक ठरेल. पैनगंगेकाठच्या मेहकरसारख्या गावाला रेल्वे नव्हती आणि आजही नाही. वऱ्हाडच्या या भागातला कापूस बैलगाडीने खामगावच्या बाजारात जाई, तेथून १८७० मध्ये सुरू झालेल्या रेल्वेच्या फाट्याने मुख्य मार्गावर आणि पुढे मुंबई बंदरात. परदेशातल्या बाजारात कापसाला जो भाव मिळे, त्यातून जहाजाचे भाडे, विमा, दलाली, रेल्वेचे भाडे अशी एकेक वजाबाकी होत होत उरलेला भाव शेतकऱ्याच्या पदरी पडे. समुद्रावरचा दर चार जणांच्या संगनमताने ठरत असेल, तर त्याचा भार अखेर मेहकरच्या काळ्या मातीत राबणाऱ्या माणसावर पडणार, हे उघड होते. त्या शेतकऱ्याने समुद्र पाहिलेला नसे, पण समुद्रावरचे भाडे तो दरवर्षी भरत असे. कापसाच्या पेढीत वाढलेल्या वालचंदांना ही वजाबाकी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

विकायचे की लढायचे

सिंदियाची जहाजे किनाऱ्यावर दिसू लागताच दर झपाट्याने घसरले. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाच्या भाड्यावरून जुंपली. कंपनीला तोटा होऊ लागला आणि भागधारक अस्वस्थ झाले. १९२२-२३ च्या सुमारास लॉर्ड इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली. तोटा अंगावर घेण्यापेक्षा पैसे मोकळे करून घ्यावेत, असे वाटणारे लोक कंपनीतही होते आणि त्यांचे म्हणणे निव्वळ भेकडपणाचे नव्हते. त्यांच्यासमोर टाटांचे उदाहरण होते, पिळ्ळै यांचे होते. वालचंदांनी मात्र विक्रीला ठाम विरोध केला आणि कंपनी वाचवली.

वाचवली, पण मोठी किंमत मोजून. १९२३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरतेच राहावे, जहाजांचे एकूण आकारमान पंचाहत्तर हजार टनांपलीकडे जाऊ नये आणि प्रवासी वाहतुकीला हात लावू नये, अशा त्याच्या अटी होत्या. लंडनला प्रवासी घेऊन निघालेल्या बोटीतून जन्मलेल्या कंपनीने प्रवासी न नेण्याचे मान्य केले. या कराराबद्दल वालचंदांवर टीका झाली. ज्या संगनमताविरुद्ध ते उभे राहिले, त्याच संगनमतात त्यांची कंपनी जाऊन बसली, असे म्हणता येण्याजोगी परिस्थिती होती. पुढे लहान हिंदी कंपन्या किनाऱ्यावर आल्या, तेव्हा प्रस्थापित कंपन्यांच्या दरयुद्धाबद्दल त्यांनी केलेल्या तक्रारींची झळ सिंदियालाही लागली. वालचंदांच्या चरित्रातली ही बाजू झाकण्यात अर्थ नाही. जिवंत राहण्यासाठी केलेली तडजोड आणि तत्त्व यांतले अंतर त्यांना आयुष्यभर सांभाळावे लागले.

करारामुळे हात बांधले गेले तरी तोंड बांधलेले नव्हते. लढाई आता कायदेमंडळात गेली. सरकारनेच नेमलेल्या व्यापारी नौदल समितीने किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने हिंदी जहाजांकडे यावी, अशी शिफारस केली होती. तिच्यातली ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेची सूचना १९२७ मध्ये अमलात आली, मुख्य सूचना मात्र कागदावरच राहिली. तेव्हा सिंदियाशी संबंधित असलेले कायदेमंडळाचे सदस्य साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये किनारा हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले आणि त्यापाठोपाठ डिफर्ड रिबेट बंद करण्याचेही. दोन्ही विधेयके कायद्यात उतरली नाहीत. उलट १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारी कलमे घातली आणि तो दरवाजा बंद केला. या विधेयकांमुळे भाड्याच्या पावतीवरची बारीक अक्षरे मात्र देशाच्या चर्चेचा विषय बनली. १९२९ च्या नोव्हेंबरात नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात वारले आणि कंपनीची धुरा पूर्णपणे वालचंदांच्या खांद्यावर आली.

हाजींची अनामत

प्रवासी वाहतुकीत सिंदिया पुन्हा उतरली ती हजच्या मार्गावर. मुंबईहून जेद्दाहला जाणारी ही वाहतूक मुख्यतः मोगल लाइन या ब्रिटिश नियंत्रणाखालील कंपनीच्या हाती होती. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेशातले यात्रेकरू मुंबईच्या मुसाफिरखान्यात येऊन उतरत आणि बोटीची वाट पाहत. आयुष्यभराची पुंजी कनवटीला बांधून आलेली ही गरीब माणसे. परतीच्या भाड्याला पैसे न उरल्यामुळे शेकडो लोक जेद्दाहला अडकून पडत. म्हणून १९२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. यात्रेकरूने जाण्या-येण्याचे तिकीट एकदमच काढावे किंवा परतीच्या भाड्याची अनामत सरकारकडे ठेवावी, असे बंधन आले.

या नियमाने अडकलेल्यांचा प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. आगाऊ भरलेल्या पैशाचे काय? यात्रेकरूला बोटीवर चढूच दिले नाही तर? वाटेत किंवा हेजाजमध्ये त्याचा मृत्यू झाला तर? कायद्याने याचीही तरतूद केली. चढण्यास मनाई झालेल्याला परतावा मिळावा आणि यात्रेकरू मरण पावल्यास त्याने लेखी नेमलेल्या माणसाला परतीच्या प्रवासाची रक्कम परत द्यावी, असे ठरले. आजच्या सहलींच्या करारपत्रात प्रवास रद्द झाल्यास किती टक्के कपात, याचा जो तक्ता असतो, त्याचा हा आपल्याकडचा एक जुना आणि अधिक माणुसकीचा अवतार म्हणावा लागेल. त्यात परताव्याचा हक्क कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नव्हता.

१९३७-३८ मध्ये सिंदियाने यात्रेकरूंसाठी ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ ही नवी जहाजे बांधून घेतली. मक्केच्या यात्रेकरूंची सोय पाहणारा हा मालक धर्माने जैन होता, ही गोष्ट त्या काळच्या वातावरणात लक्षात घेण्यासारखी आहे. स्पर्धा सुरू होताच मोगल लाइनने नेहमीचे हत्यार उपसले आणि भाडे एकदम खाली आणले. दोन्ही कंपन्यांनी तोटा सोसला. यात्रेकरूंना मात्र काही काळ स्वस्तात प्रवास घडला. स्पर्धक बाजूला झाला की भाडे पुन्हा चढते, हा अनुभव जुना होता, म्हणून वालचंदांनी सहजासहजी माघार घेतली नाही. अखेर दुसऱ्या महायुद्धाने हा वाद बाजूला सारला. जहाजे युद्धकामाला गेली. ‘एल मदिना’ला १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने जलसमाधी दिली.

१९३९ मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीवर सिंदियाचे नियंत्रण आले आणि कोकण किनाऱ्याची प्रवासी वाहतूकही तिच्या छत्राखाली आली. पडावातून बोटीवर चढणारा, ट्रंक आणि वळकटी घेऊन मुंबईला निघालेला कोकणी चाकरमानी आता सिंदियाचा प्रवासी झाला.

अखेरचे पर्व

भाड्याने घेतलेल्या किंवा परदेशातून विकत आणलेल्या जहाजांवर किती काळ विसंबायचे, हा विचार वालचंदांना स्वस्थ बसू देत नव्हता. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. दुसऱ्याच वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम रखडले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ पाण्यात उतरली. स्वतंत्र भारतात बांधलेले हे पहिले मोठे जहाज. पंडित नेहरू त्या समारंभाला आले होते. दरम्यान १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स हेही उभे राहिले होते.

‘जलउषा’नंतर वर्षभरातच वालचंदांना पक्षाघाताने गाठले. १९५० मध्ये त्यांनी धंद्यातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाचा चौतिसावा वाढदिवस तीनच दिवसांपूर्वी होऊन गेला होता. ज्या किनाऱ्यासाठी ते भांडले, तो १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय जहाजांसाठी राखीव झाला होता. विशाखापट्टणमचा कारखाना त्याआधीच, १९५२ मध्ये, हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने सरकारच्या व्यवस्थेखाली गेला होता.

पुढचा इतिहास मात्र उलटसुलट वळणांचा आहे. जिच्याशी सिंदियाने झुंज दिली ती मोगल लाइन सरकारच्या ताब्यात आली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. मुंबई-जेद्दाह ही हजची बोट १९९५ मध्ये बंद झाली. कोकणची बोटही त्याआधीच थांबली होती. खुद्द सिंदिया कंपनी कर्जाच्या भाराखाली खचत गेली आणि समुद्रावरून दिसेनाशी झाली. वालचंदांनी पेटवलेली मशाल त्यांच्या वारसदारांना तेवत ठेवता आली नाही, हे मान्य करावे लागते.

आता समुद्रपर्यटनाला निघणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस बोटीवर पाय ठेवण्याआधीच तिकिटाचे, बंदरशुल्काचे, किनाऱ्यावरील सहलींचे पैसे भरून मोकळा होतो. बोटीवरचा खर्च कार्डावर चढत जातो आणि त्याचा हिशोब उतरताना हाती पडतो. सहल रद्द झाली तर किती कापायचे, हे कंपनीने आधीच छापलेले असते. प्रवाशाची सही त्याखाली असते, पण त्या अटी ठरवताना त्याला कोणी विचारलेले नसते. काळ बदलला, बोटी बदलल्या, गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा हाती असलेल्याचा वरचष्मा मात्र बदललेला नाही.

यावर वालचंदशेठांनी शोधलेला उपाय साधा आणि अवघड होता. अटी जाचक वाटत असतील तर अर्ज-विनंत्या करीत बसू नये, दुसरी बोट पाण्यात उतरवावी आणि त्याच वेळी जुन्या अटी मोडण्यासाठी कायद्याचा आग्रह धरावा. त्यांच्या दोन्ही प्रयत्नांना पुरते यश आले नाही. पण दुसरी बोट धक्क्याला लागली की पहिलीचे भाडे उतरते, हे मुंबईच्या बंदराने त्यांच्यामुळे एकाहून अधिक वेळा पाहिले. सोलापूरच्या पेढीवरून उठलेल्या या माणसाचे देशाच्या सागरी इतिहासातले स्थान त्या अनुभवातच आहे.